पाठीमागचं वारं

आमच्या घरात चार महिने एक जहाज मुक्कामाला होतं. दसरा झाल्यावर आलं आणि सव्वीस जानेवारीला गेलं. त्याच्यापायी ओसरी रिकामी झाली, शेळी मागच्या दाराला गेली आणि माझी अभ्यासाची जागा गेली ती गेलीच. मी तेव्हा दहावीत होते. आमचं गाव नळदुर्गच्या उगवतीला, हायवेपासून कोसभर आत. हवा शांत असली की सोलापूर-हैदराबाद ट्रकांचे भोंगे ओसरीत ऐकू यायचे. पाणी आम्हाला माहीत होतं ते विहिरीचं, नाहीतर पावसाळ्यात किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडणारं बोरी नदीचं. समुद्र गावात कुणीच बघितला नव्हता. एक जण मुंबईला जाऊन आला होता, पण तो आजारी भावाबरोबर दवाखान्यात आठ दिवस काढून परतला होता. त्याला समुद्राचं विचारलं की तो लिफ्टचं सांगायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. बैलगाडी करण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी तयार झाली की ते तिच्यात बसत नसत, तिच्यामागून चालत जायचे आणि मान वाकडी करून चाकाचा आवाज ऐकायचे. आवाजात काही खटकलं तर मालक कितीही म्हणाला तरी गाडी त्याच्या दारात जायची नाही. पण मी नववीत असताना गावात टायरची पहिली गाडी आली, पाठोपाठ आणखी आल्या, आणि लाकडी चाकाचं काम थांबलं. अण्णांच्या हाताला पोळपाट, बाजा आणि खुरप्याच्या मुठी एवढंच उरलं. ते बोलून दाखवत नसत. सकाळी उठून वाकसाला, लाकूड तासायच्या हत्याराला, धार लावायचे, आणि धार लावून झाली की तसेच बसून राहायचे. माय म्हणायची, "किती धार लावताव? झिजून जाईल की ते."

अशात एक दिवस माझ्या शाळेचे हेडमास्तर सायकलवर घरी आले. शाळेचं नवं सभागृह होत होतं आणि तिथं ठेवायला त्यांना मराठ्यांच्या आरमारातली गुराब हवी होती, म्हणजे शिडाचं लढाऊ जहाज, लाकडात केलेलं, तीन हात लांब, तोफा, डोलकाठ्या, दोर सगळ्यांसकट. नमुना म्हणून त्यांनी एक जुनं कॅलेंडर आणलं होतं. त्यावर हिरव्या लाटांवर एक जहाज, तेही एकाच बाजूनं दिसणारं. हेडमास्तर घरी आले म्हटल्यावर शेजारपाजार जमला, त्यात पाटीलही होते. पाटलांना सगळ्या गावाची चेष्टा करायची मुभा होती. "नारायणा," ते म्हणाले, "आयुष्यात कधी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरलास का गा? अन् जहाज करतो व्हय?" माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. वाकस हातातच होता. ते म्हणाले, "पाटील, असं करीन की समुद्रावरला माणूस आला तरी त्याला चूक सापडणार न्हाय. एक जरी चूक निघाली तरी त्या दिवसापासून ह्याला हात लावणार न्हाय." सुतारानं दहा माणसांत हत्याराची आण घेतली म्हणजे थट्टा तिथंच संपते. मायनं चहाला आधण ठेवलं.

मग ते चार महिने. आजही कुठं सागवानाचा भुसा नाकात गेला की मला त्या ओसरीत गेल्यासारखं होतं. रंध्याचा सुरसुर आवाज पहाटे सुरू व्हायचा. सरस शिजवण्यावरून मायचं आणि अण्णांचं पहिल्याच दिवशी वाजलं. सरस जनावराच्या कातड्याचा, त्याचं भांडं ती आपल्या चुलीवर चढवू देईना. शेवटी अण्णांनी अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, आणि मायच्या चुलीवर हुलग्याचं शेंगोळं व अण्णांच्या चुलीवर सरस असं रोज एकदम रटरटायचं. जहाजाच्या फासळ्यांसाठी अण्णा बाभळीच्या अंगच्याच वाकड्या फांद्या शोधत माळावर हिंडले. चित्रात दिसत नसलेल्या बाजूचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "गाडीची एक बाजू दिसली की दुसरी कळतीच की." तोफांसाठी मात्र ते चित्रावर विसंबले नाहीत. मला घेऊन नळदुर्गच्या किल्ल्यात गेले, उपळ्या बुरुजावर चढले आणि तिथल्या तोफा सुतळीनं मोजल्या, लांबी, तोंड, बूड. सुतळीला गाठी मारून त्या मापाच्या हिशोबानं करंगळीएवढ्या तोफा घडवल्या. त्या कशाच्या घडवल्या हे आम्हाला पुढं येळवशीच्या सणाला कळलं.

माझं काम दोरांचं. सुताला पीळ द्यायचा, मेण लावायचं आणि चित्रात बघून डोलकाठ्यांना बांधायचं. अण्णांची बोटं जाड, त्या गाठी त्यांना जमत नव्हत्या. "तुझ्या मायची बोटं आलीत तुला," ते म्हणायचे, आणि मला ते फार आवडायचं. दहावीचं वर्ष, अभ्यासाचा बट्ट्याबोळ, तरी मी संध्याकाळची वाट बघायची. अण्णा मला बरोबरीच्या कारागिरासारखं विचारायचे, आणि घरात पुस्तक वाचता येणारी मी एकटीच असल्यामुळं माझ्या शब्दाला वजन होतं. हे वजन मला पेलत नव्हतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.

मोठ्या डोलकाठीवरचा भगवा झेंडा अण्णांनी सगळ्यात शेवटी घेतला. कापडाचा झेंडा लोंबतो, म्हणून त्यांना तो लाकडाचा करायचा होता, फडफडणारा, आणि डोलकाठीला जोडलेला नाही तर डोलकाठीसकट एकाच सागवानी तुकड्यातून काढलेला. तुकड्यावर खूण करायला त्यांनी चित्र समोर धरलं तेव्हा मी म्हणाले, "अण्णा, झेंडा पुढं उडतोय." खरंच, चित्रात जहाज ज्या दिशेला चाललं होतं त्याच दिशेला झेंडाही उडत होता. अण्णांनी बराच वेळ बघितलं. मग पटाशी ठेवली आणि म्हणाले, "चल." आम्ही दोघं चालत हायवेला गेलो. तिथल्या ढाब्यावर बाजेवर बसून अण्णांनी दोन कप चहा सांगितला आणि आम्ही ट्रक बघत बसलो. जवळजवळ प्रत्येक ट्रकच्या तोंडाशी कसला ना कसला झेंडा होता, हिरवा, भगवा, काळा, आणि प्रत्येक झेंडा मागं फडफडत होता. एसटी गेली, तिच्या टपावरच्या गाठोड्याचं फडकंसुद्धा मागं. "बघ," अण्णा म्हणाले, "पुढं चाललेल्याचा झेंडा मागं जातो. चित्र काढणारा घरात बसून काढत आसंल." मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "पुस्तकात काय म्हणतंय? तू शिकलेली हायस. मी म्हणतो ते बरोबर हाय का?"

मी पुस्तक उघडून बघायला हवं होतं. निदान त्या चित्राचा क्षणभर विचार करायला हवा होता, कारण त्यात शिडं पुढं फुगलेली मी बघितली होती. पण अण्णा मला विचारत होते, चहाचा कप माझ्या स्वतःच्या हातात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी ढाब्यावर मोठ्या माणसासारखी बसले होते. मी म्हणाले, "व्हय अण्णा. तुमचंच बरोबर हाय." त्यांनी मान हलवली आणि घरी येऊन झेंडा मागं उडणारा कोरला. इतका सुंदर कोरला की त्याच्या चुण्यांवरून बोट फिरवावंसं वाटायचं. डोलकाठी खाली कण्यापर्यंत नेऊन, गाडीचा आस बसवावा तशी पाचर ठोकून, सरस ओतून पक्की केली. मग मी तिच्यावर माझे सगळे दोर बांधले.

येळवस आली. आमच्याकडं वेळ अमावास्येला सगळं गाव रानात जेवायला जातं, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडून पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील असतं, आणि आंबील शिंपडत शेताला फेरी मारताना एक जुनी कानडी आरोळी देतात. पहाटे मायला शेंगदाण्याच्या पोळ्या लाटायच्या होत्या आणि लाटणं सापडेना. तिनं सगळं घर पालथं घातलं. मग ओसरीत उभी राहून तिनं जहाजाच्या तोफांकडं नीट बघितलं आणि किंचाळली, "अगं बया, माझं शिसवी लाटणं!" त्या वर्षीच्या पोळ्या तिनं काचेच्या बाटलीनं लाटल्या आणि दिवसभर अण्णांना तोफवाले म्हणाली. पण संध्याकाळी रानातून आल्यावर उरलेली आंबील घेऊन तीच जहाजापाशी बसली. नवी गाडी घराबाहेर पडताना तिची पूजा व्हायची, तशी याचीही करायलाच हवी असं तिचं म्हणणं. तिनं आंबील शिंपडली, नाळेला, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, हळदीकुंकू लावलं आणि भगव्याला कुंकवाची पाच बोटं ओढली. अण्णा हात जोडून उभे होते. त्यांना इतकं समाधानी मी पुन्हा बघितलं नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सभागृहाचं उद्घाटन होतं. आम्ही दिवस उगवता निघालो. गाडी पाटलांची, अण्णांनीच पूर्वी केलेली, लाकडी चाकांची. टायरच्या गाडीतून ते जहाज न्यायला अण्णा तयार नव्हते. खाली कडबा, त्यावर वाकळा, त्यावर जहाज, आणि डोलकाठी धरून मी. शाळा मावळतीला, त्यामुळं थंडीतलं ते उगवतीचं वारं बरोबर आमच्या पाठीत होतं. वारं इतकं होतं की माझे दात वाजत होते. बैल आपल्या चालीनं चालले होते, घुंगरं वाजत होती, आणि चाकांनी उडवलेली धूळ मागं राहायच्या ऐवजी आम्हाला ओलांडून बैलांच्याही पुढं जात होती. अण्णांच्या पटक्याचा सोगा, पाठीवर सोडलेलं टोक, मागून येऊन त्यांच्या तोंडावर बसला. त्यांनी तो मागं टाकला. तो पुन्हा पुढं आला. तिसऱ्यांदा त्यांनी तो हातात धरला आणि कासरा ओढला. गाडी थांबली.

"सुमे," ते समोर बघतच म्हणाले, "शिडाला पुढं कोण ढकलतं?"

"वारं."

"कुठनं?"

"मागनं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता वर झेंड्याकडं बघितलं.

अण्णांनी हातातला सोगा सोडला. तो त्यांच्या तोंडापुढं, बैलांच्या दिशेनं सरळ ताठ उडत राहिला. त्यांनी मागं वळून आपल्या जहाजाकडं बघितलं. चित्रात बघून केलेली शिडं पुढं फुगलेली आणि वर झेंडा उलट्या दिशेला. एकाच जहाजावर दोन बाजूंनी वारं.  मी रडायला लागले. "अण्णा, मोडून टाकू का झेंडा? वाटंत मोडला म्हणू."

"भगवा मोडायचा? कुंकू लावलेला?"

"मग डोलकाठी फिरवू या."

"ती निघायची न्हाय. मीच ठोकलीय," ते म्हणाले. "अन् निघाली तरी पूजा झालेला भगवा उतरवायचा व्हय? तुझ्या मायनं पूजलाय त्यो."

"मग परत जाऊ या."

"लोकं बसल्याती तिथं." त्यांनी बैलांना हाक दिली आणि गाडी पुढं निघाली. राहिलेल्या सगळ्या वाटेत तो सोगा तोंडावर येत होता आणि त्यांनी तो बाजूला केला नाही. मी डोलकाठी धरून बसले होते. सोडावीशीही वाटत होती आणि सोडताही येत नव्हती.

सभागृह खच्चून भरलं होतं. जहाज मंचावर ठेवलं तशी पोरं बाकांवर चढली. पाहुण्यांनी तोफा बघितल्या, दोर बघितले, कुणीतरी फासळ्या मोजल्या. सगळ्यांनी झेंड्याचं कौतुक केलं आणि पाहुणे माइकवर म्हणाले की हा भगवा पाहून ऊर भरून येतो. अण्णांना शाल आणि नारळ दिला. ते माइकसमोर आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "एक सांगायचं हाय. ह्यात एक चूक झालीया." हेडमास्तर माणूस चांगला, पण उत्साही. त्यांनी माइक आपल्याकडं ओढला. "ऐकलंत? एवढं देखणं काम करून हा कारागीर म्हणतो चूक झाली! याला म्हणतात विनय!" टाळ्यांचा कडकडाट झाला. अण्णांनी पुन्हा तोंड उघडलं तेवढ्यात लेझीमवाल्यांचा ताशा सुरू झाला. पाटील खुर्चीवरून उठून ओरडले, "नारायणा, न्हाय निघाली गा चूक! मानलं तुला!" त्या गोंधळात अण्णांनी मुलींच्या रांगेत मला शोधलं. मी उठून बोलू शकले असते. वर्गात वाऱ्याच्या धड्यावर मला पैकीच्या पैकी पडले होते. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसले.

घरी आल्यावर अण्णांनी सगळी हत्यारं पुसली, त्यांना तेल लावलं आणि शालीत गुंडाळून आढ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी पाटील पाळण्याचं काम घेऊन आले तर अण्णा म्हणाले, आता होत नाही. आठवड्याभरानं आणखी कुणी आलं, त्यालाही तेच. गावाला वाटलं, शाल मिळाली आणि सुतार फुगला. "आता मोठ्या माणसांचीच कामं घेत आसंल," असं लोक मायला ऐकवायचे. अण्णा दुसऱ्यांच्या रानात राखणीला जायला लागले, गोफण घेऊन पाखरं उडवत माळ्यावर बसायचे. दर दसऱ्याला हत्यारं खाली यायची, पूजा व्हायची, झेंडूची फुलं वाहायची आणि पुन्हा वर जायची. मी मायला एकदा खरं कारण सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "एवढ्याशा झेंड्यापायी? अन् कुणाला दिसलंय ते?" मी अण्णांना तेच विचारलं. म्हणाले, "मला दिसलंय की."

कॉलेजात असताना एकदा त्यांना न सांगता मी हेडमास्तरांकडं गेले आणि चूक सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, आपला चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाळ, आता ते काचेच्या पेटीत आहे. आणि लोकांना आवडलंय." मी नमस्कार करून निघाले. त्याचं उत्तर मला आज सुचतं, पण आज हेडमास्तर नाहीत.

पुढं मी शिक्षिका झाले, याच जिल्ह्यात चार गावांत नोकरी केली, आठवीच्या पोरांना वारा शिकवला. माय गेली. अण्णांची पाठ वाकली, कान मात्र तल्लख राहिले. गावात कुणी मुंबई-कोकण करून आलं की ते त्याला हळूच विचारायचे, "शिडाचं जहाज दिसलं का? झेंडा कुणीकडं उडत होता?" लोक म्हातारा चळला म्हणायचे. शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना कोकणात घेऊन गेले. वयाची पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांनी समुद्र बघितला. आधी काही वेळ नुसतं हसले. मग वाळूत बसले आणि पाण्याकडं न बघता बोटींकडं बघायला लागले. मासे धरून एक बोट धक्क्याकडं येत होती. तिच्यावर लाल झेंडा होता आणि तो मागं फडफडत होता, ताठ, ढाब्यावरच्या ट्रकांसारखा.

अण्णांनी माझा हात धरला.  "सुमे, मागं उडतोय की गं," ते म्हणाले. त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी येळवशीच्या त्या संध्याकाळनंतर बघितलंच नव्हतं. मला सगळं कळत होतं. वारा आणि वेग या विषयावर मी पंचवीस वर्षं फळ्यावर बाण काढले होते. मी म्हणाले, "व्हय अण्णा. मागंच उडतोय. तुमचंच बरोबर होतं."

बोट जवळ आली. अण्णांनी मान वाकडी केली, गाडीच्या मागून चालताना करायचे तशी, आणि ऐकत राहिले. टक टक टक टक असा आवाज पाण्यावरून येत होता. त्यांनी माझा हात सोडला.

"इंजिन हाय तिला," ते म्हणाले.

मग वाळू झटकत उठले आणि म्हणाले, चहा पिऊ या. टपरीवर त्यांनी माझ्यासाठी बिस्किटं सांगितली, लहानपणी सांगायचे तशी. मला ते एका शब्दानं बोलले नाहीत, त्या दिवशी गाडीत नाही आणि या दिवशी किनाऱ्यावरही नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.